चार घरं पलीकडे राहायला आलेला माणूस

पत्र: ताई, आम्ही न्यू जर्सीत मिडलसेक्स काउंटीत राहतो. मुलगी ८ वर्षांची, मुलगा ५ चा. मागच्या मंगळवारी संध्याकाळी दोन पोलीस दारात आले आणि एक कागद देऊन गेले. चार घरं पलीकडे एक माणूस भाड्याने राहायला आलाय, लहान मुलीवरच्या अत्याचारासाठी तो तुरुंगात जाऊन आलाय, टियर ३ आहे, म्हणजे सगळ्यात धोक्याच्या वर्गातला. फोटो, पत्ता, गाडीचा नंबर सगळं त्यात. तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. मी तो कागद आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, आता काही जण म्हणतायत शनिवारी सगळे मिळून त्याच्या दारात जाऊ, सह्या गोळा करू, इथून हाकलू. नवरा म्हणतो घर विकून टाकू. सासूबाई पुण्याहून आल्यात, त्या म्हणतात पोरीला अंगणातही सोडू नकोस. मुलीला मी काय सांगू? तशीही ती हल्ली फार चिडचिड करते, रविवारच्या पेटीच्या क्लासला जायचं नाही म्हणून दोन महिने रडारड चाललीय, त्यात आता हे. सरकार असल्या माणसाला लेकराबाळांच्या गल्लीत राहूच कसं देतं? – एक आई

अगं, तुझं पत्र आलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते, दोनदा वाचलं आणि सकाळपर्यंत थांबवेना म्हणून लगेच लिहायला बसले. तुझी भीती खरी आहे. "उगाच घाबरतेस" असं तुला कोणी म्हणालं तर ऐकू नकोस, आठ वर्षांच्या मुलीच्या आईच्या हातात असा कागद आला की पाय लटपटणारच.

पण पुढचं वाचायच्या आधी एक काम कर. ग्रुपवरचा तो फोटो काढून टाक. तुझ्याकडून आता डिलीट होत नसेल तर ॲडमिनला फोन कर, त्याला करता येतं. आणि खाली दोन ओळी लिही की तो कागद मी टाकायला नको होता, कृपया पुढे पाठवू नका. तो कागद पोलिसांनी गावभर वाटलेला नाहीये. कुठल्या घरांना द्यायचा, किती अंतरापर्यंत द्यायचा हे ठरवून, कोर्टाच्या परवानगीने तो तुमच्या दारात आला, आणि तोही तुमच्या घरच्यांसाठी आणि तुमची मुलं सांभाळणाऱ्यांसाठी. सासूबाईंना दाखव, बेबीसिटर असेल तर तिला दाखव, पण एडिसनपासून प्रिन्स्टनपर्यंत पसरलेल्या दोनशे लोकांना नाही. ज्याला माहिती हवी असेल त्याच्यासाठी न्यू जर्सी स्टेट पोलिसांची रजिस्ट्रीची, म्हणजे अशा गुन्हेगारांच्या नोंदणीची, वेबसाइट उघडी आहे, टियर ३ वाले सहसा तिथे असतातच, ज्याने त्याने स्वतः जाऊन बघावं.

आणि शनिवारचं. हे मी हात जोडून सांगतेय, शनिवारी कोणी त्याच्या दारात जायचं नाही. रजिस्ट्रीवरची माहिती वापरून गुन्हा केला तर तो या राज्यात वेगळा गुन्हा धरतात, थर्ड डिग्री क्राइम, आणि धमकी, छळ असल्या त्यामानाने छोट्या गोष्टींनाही ५०० ते १,००० डॉलर दंड आहे. ग्रुपवर कोण कोण आहे बघ जरा, एच-वन वाले, ग्रीन कार्डच्या रांगेत दहा दहा वर्षं उभे असलेले, आणि ते पोलिसांच्या गाड्यांसमोर रस्त्यात आरडाओरडा करायला निघालेत. पण कायद्याचं आणि व्हिसाचं बाजूला ठेवलं तरी २००६ साली मेन राज्यात काय झालं ते त्यांना सांग. कॅनडाहून आलेल्या वीस वर्षांच्या एका पोराने तिथल्या रजिस्ट्रीवरून नावं शोधली, पत्ते काढले, आणि एका रात्रीत दोन माणसांना त्यांच्या घरी गोळ्या घातल्या. त्यातला एक जण २४ वर्षांचा होता, तो लिस्टवर होता कारण १९ वर्षांचा असताना त्याचे स्वतःच्या गर्लफ्रेंडशी संबंध होते आणि ती सोळाची व्हायला काही दिवस कमी होते. त्याचीही आई आहे. मारणाऱ्या पोरानेही नंतर स्वतःला संपवलं. तुमच्या ग्रुपमधलं कोणी बंदूक घेऊन जाणार नाही हे मला ठाऊक आहे, पण अशा वेळी जमाव म्हणजे काय असतो ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

आता तुझा प्रश्न, सरकार राहू कसं देतं. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

तुझ्या घरापासून तासाभराच्या आत हॅमिल्टन टाउनशिप आहे, ट्रेंटनच्या जवळ. तिथे मेगन कांका नावाची सात वर्षांची मुलगी राहायची. २९ जुलै १९९४ ला समोरच्या घरातल्या माणसाने तिला कुत्र्याचं पिल्लू दाखवतो म्हणून आत बोलावलं. ती परत आली नाही. त्या माणसाला लहान मुलींवरच्या अत्याचारासाठी आधी दोनदा शिक्षा झालेली होती, आणि त्याच घरात तसल्याच गुन्ह्यातली आणखी दोन माणसं राहत होती, आणि गल्लीत कोणालाही, अक्षरशः कोणालाही, त्याचा पत्ता नव्हता. तिच्या आईबाबांचं म्हणणं एवढंच होतं, आम्हाला माहीत असतं तर आमची मेगन आज असती. लाखो लोकांनी सह्या केल्या आणि ३१ ऑक्टोबर १९९४ ला, म्हणजे तीन महिन्यांतच, न्यू जर्सीचा मेगन्स लॉ आला, असा माणूस राहायला आला की शेजाऱ्यांना कळवायचं सांगणारा. मे १९९६ मध्ये तो केंद्रातून सगळ्या राज्यांना लागू झाला. ते घर पाडून तिथे छोटी बाग केलीय, मेगन्स प्लेस म्हणतात. मी एकदा मुद्दाम गेले होते तिथे. कधी गेलीस तर रस्त्यात उभी राहून समोरच्या घराकडे बघ, दोन दारांमध्ये एवढंसं अंतर, आवाज दिला तर ऐकू जाईल इतकं.

म्हणजे तुझ्या हातातला कागद हा त्या आईबाबांनी मिळवलेला हक्क आहे, तो कमी लेखू नकोस.

पण तो कागद नेमकं काय सांगतो ते कळून घे. न्यू जर्सीत टियर हा धोक्यावर ठरतो, फक्त गुन्ह्याच्या नावावर नाही. १११ गुणांचा एक तक्ता असतो. ३६ पर्यंत टियर १, ७३ पर्यंत टियर २, आणि ७४ पासून पुढे टियर ३. गुन्हा किती गंभीर होता, किती वेळा केला, तो माणूस उपचार घेतोय का, आणि (हे नीट वाच) त्याला नोकरी आहे का, राहायला स्थिर घर आहे का, आजूबाजूला आधार देणारं कोणी आहे का. टियर १ वाल्याची माहिती फक्त पोलिसांकडे राहते, टियर २ ला शाळा, डे-केअर, समर कॅम्प यांना कळवतात, आणि टियर ३ ला दारोदार. १९९५ साली इथल्या सुप्रीम कोर्टाने हा कायदा योग्य ठरवला पण अट घातली की नोटीस वाटण्याआधी त्या माणसाला जजसमोर म्हणणं मांडायची संधी पाहिजे. म्हणजे तो कागद कोणाच्या मनात आलं म्हणून निघालेला नाही. त्या माणसापासून खरोखर जपून राहायला हवं, हे मी तुला स्पष्टच सांगते.

आता ते घर आणि नोकरीवाले गुण परत आठव. तुमच्या ग्रुपने त्याला हाकलला तर तो जाणार कुठे? दुसऱ्या गल्लीत, दुसऱ्या कोणाच्या तरी आठ वर्षांच्या मुलीच्या शेजारी, आणि जाताना घर गमावलेला, कदाचित नोकरी गमावलेला, म्हणजे त्याच तक्त्याप्रमाणे आधीपेक्षा जास्त धोक्याचा होऊन. फ्लोरिडात हा प्रयोग करून झालाय. मायामी-डेड काउंटीने शाळांपासून २,५०० फुटांच्या आत अशांनी राहायचं नाही असा नियम केला, शहरात जागाच उरली नाही, आणि माणसं समुद्रावरच्या एका पुलाखाली तंबू टाकून राहायला लागली, कित्येक वर्षं, वीज नाही पाणी नाही. अशा माणसावर पोलीस लक्ष ठेवणार कसे? आयोवात २,००० फुटांचा नियम होता, तिथे तर २००६ मध्ये सरकारी वकिलांच्या संघटनेनेच सांगितलं की यातून मुलं सुरक्षित होत नाहीयेत, नियम बदला. न्यू जर्सीतही गॅलोवे आणि चेरी हिल टाउनशिपनी असे नियम केले होते, २००९ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने ते रद्द केले, मेगन्स लॉ आहे, टाउनने आपलं वेगळं काढायचं नाही. त्यामुळे सह्यांच्या मोहिमेतून हाती काहीच लागणार नाही, हे ग्रुपवर सांगून टाक.

राहू कसं देतं याचं सरळ उत्तर हे की त्याने शिक्षा भोगलीय आणि माणसाला कुठे तरी राहावंच लागतं. पण मोकाट सोडलंय असंही समजू नकोस. त्याला पत्ता बदलायचा तर दहा दिवस आधी कळवावं लागतं, ठरावीक काळाने पोलिसांकडे जाऊन पत्ता पक्का करावा लागतो, आणि १९९४ नंतरच्या अशा बऱ्याच गुन्हेगारांवर आयुष्यभराची पॅरोल देखरेख असते, लहान मुलांशी संपर्क ठेवायचा नाही अशा अटी असतात. म्हणून तुला तो कधी खेळाच्या मैदानाजवळ रेंगाळताना, कुठल्या मुलाशी बोलताना दिसला तर त्याच्या दारात जायचं नाही, पोलिसांना फोन करायचा, वेळ आणि जागा लिहून ठेवून. तुझा एक फोन दोनशे जणांच्या मोर्च्यापेक्षा जास्त काम करेल.

तुझा भाऊ किंवा कोणी मैत्रीण दुसऱ्या राज्यात असेल तर ते म्हणतील आमच्याकडे असं नाही, आणि ते बरोबरच असेल, कारण दर राज्याचं वेगळं आहे. टेक्ससमध्ये रजिस्ट्रीवरचे जवळजवळ सगळेच लोकांना दिसतात, न्यू यॉर्कमध्ये लेव्हल १ वेबसाइटवर नसतात, लुइझियानात तर त्या माणसाला स्वतःच शेजाऱ्यांना पत्र पाठवून सांगावं लागतं. कॅलिफोर्नियात १९४७ पासून नोंदणी आहे, ती बहुतेकांना जन्मभराची होती, २०२१ पासून १० वर्षं, २० वर्षं आणि जन्मभर असे तीन भाग झाले. तेव्हा इकडच्या टियर ३ ची तुलना तिकडच्या टियर ३ शी करत बसू नकोस, केंद्राच्या २००६ च्या कायद्यातले टियर गुन्ह्यावरून ठरतात, आपल्याकडचे धोक्यावरून, शब्द एक आणि अर्थ दोन. सासूबाई विचारतील आपल्याकडे आहे का असं काही. आहे, २० सप्टेंबर २०१८ ला भारतातही लैंगिक गुन्हेगारांचा राष्ट्रीय डेटाबेस सुरू झाला, पण तो फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांना दिसतो, पुण्यातल्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लागत नाही.

आता मला जे खरं सांगायचंय ते.

तुझ्या पत्रात त्या माणसाबद्दल आठ-दहा वाक्यं आहेत. पेटीच्या क्लासबद्दल एक. मी त्या एका वाक्यावर अडकलेय. दोन महिने रडारड म्हणजे तो माणूस राहायला यायच्या कितीतरी आधीपासून.

घाबरू नकोस, मी कोणावर काही आरोप करत नाहीये आणि मला काहीही माहीत नाहीये. पोरं पेटीला कंटाळतात, बोटं दुखतात, रविवारी सकाळी मैत्रिणीची बर्थडे पार्टी असते, क्लासमध्ये कोणी चिडवत असतं, हजार कारणं असतात. पण मला ते कारण तू विचारून घ्यायला हवंय. कारण सांगते. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या सांख्यिकी विभागाने २००० साली पोलिसांकडे नोंदवलेल्या केसेस तपासल्या, अठरा वर्षांखालच्या मुलांवरच्या अत्याचारात अनोळखी माणूस होता फक्त ७ टक्क्यांत. ३४ टक्के घरचेच होते आणि ५९ टक्के ओळखीचे. शंभरातल्या ९३ मुलांना तो माणूस माहीत होता, त्याला हाक मारायला एक नाव होतं, काका, दादा, सर, कोच. यातले बहुतेक कुठल्याच लिस्टवर नसतात कारण त्यांना कोणी पकडलेलंच नसतं. आणि न्यू जर्सीच्या वेबसाइटवर तर घरातल्या नात्यातल्या काही केसेस मुद्दाम टाकत नाहीत, कारण बापाचं किंवा मामाचं नाव छापलं की मुलगी कोण ते सगळ्यांना कळतं. म्हणजे वेबसाइटवर आपल्या गल्लीत कोणी दिसत नाही म्हणून निर्धास्त व्हावं असं ती लिस्ट कधीच सांगत नसते.

२००८ मध्ये न्यू जर्सीच्याच कारागृह विभागातल्या आणि विद्यापीठातल्या संशोधकांनी मेगन्स लॉचा पूर्ण अभ्यास केला. कायदा आल्यामुळे पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण कमी झालं असं त्यांना दिसलं नाही, बळींची संख्या कमी झाली असंही नाही, आणि ज्या काउंटींनी माहिती दिली त्यांचा २००७ चा खर्च जवळपास ३९ लाख डॉलर होता. यावरून कागद फाडून टाक असं मी म्हणत नाहीये, मला तर तो कागद हवाच आहे, मेगनच्या आईसारखं अंधारात राहायचं नाहीये. पण चार घरं पलीकडच्या खिडकीकडे डोळे लावून बसलं की मागे स्वयंपाकघरात कोण काय म्हणतंय ते ऐकू येत नाही, याची मला धास्ती वाटते.

जेकब वेटरलिंग हे नाव कदाचित ऐकलं असशील. मिनेसोटा, सेंट जोसेफ नावाचं गाव, २२ ऑक्टोबर १९८९, अकरा वर्षांचा मुलगा, भाऊ आणि मित्राबरोबर सायकलवर घरी येत होता आणि तोंडावर मुखवटा घातलेल्या माणसाने त्याला उचलला. त्याच्या नावानेच १९९४ मध्ये केंद्राचा पहिला नोंदणी कायदा झाला. २७ वर्षांनी, २०१६ मध्ये, मारणाऱ्याने कबुली दिली. तो तिथलाच, त्याच भागात राहणारा होता, पोलिसांनी त्याला सुरुवातीलाच प्रश्न विचारले होते, आणि कुठल्याच लिस्टवर तो नव्हता. जेकबची आई पॅटी वेटरलिंग, जिने हा कायदा व्हावा म्हणून जिवाचं रान केलं, तीच नंतर सांगायला लागली की लिस्ट फार फुगलीय, जरा थांबून विचार करा. एवढं सोसलेली बाई असं म्हणते तेव्हा मला तरी ऐकून घ्यावंसं वाटतं.

तर मुलीशी बोलायचं कसं. माझी मुलगी सात वर्षांची असताना आमच्याकडेही असा कागद आला होता. मी तो पोळपाटाखाली लपवला आणि तिला एक अक्षर सांगितलं नाही. फक्त सायकल बंद, अंगणात खेळणं बंद, आणि खिडकीचे पडदे दिवसाही ओढलेले. आता ती कॉलेज संपवून नोकरी करतेय, मागच्या वर्षी बोलता बोलता म्हणाली, आई, मला तेव्हा वाटायचं मीच काहीतरी वाईट केलंय म्हणून तू मला घरात कोंडतेस. माझ्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. वर्षभर ती ते मनात घेऊन फिरत होती आणि मी पडद्याच्या फटीतून त्या माणसाची गाडी बघत बसले होते. तू हे करू नकोस.

समोर बसवून "मला तुझ्याशी महत्त्वाचं बोलायचंय" असं करू नकोस, पोरं गप्प होतात. गाडीत बोल, ती मागच्या सीटवर, तू पुढे, नजरेला नजर नाही. किंवा सासूबाईंना सांग, रविवारी केसांना तेल लावताना. पोरी आजीच्या मांडीवर डोकं ठेवून जे सांगतात ते आईला कधी कधी सांगत नाहीत, आणि आजी अंगणात न सोडण्यापेक्षा हे काम शंभर पटीने छान करतील, त्यांनाही आपण उपयोगी पडतोय असं वाटेल.

त्या माणसाबद्दल साधं सांग. त्या निळ्या घरात (किंवा जे असेल ते) एक माणूस राहतो, त्याने पूर्वी एका मुलीला त्रास दिलाय, म्हणून आपण त्या घरात, त्या गाडीजवळ, त्या अंगणात जायचं नाही, त्याने हाक मारली तरी नाही, कुत्र्याचं पिल्लू दाखवतो म्हणाला, मदत कर म्हणाला, आईने पाठवलंय म्हणाला तरी नाही, पळत घरी यायचं आणि मला सांगायचं. मोठ्या माणसाला मदत हवी असेल तर तो मोठ्या माणसाला विचारतो, लहान मुलीला नाही. एवढं आठ वर्षांच्या मुलीला नीट समजतं. शाळेत दुसऱ्या मुलांना सांगत फिरू नकोस हेही सांग. पाच वर्षांच्याला फक्त घर आणि गाडी दाखव, कारण नको.

मग थोड्या वेळाने, त्याच ओघात नाही, दुसऱ्या वेळी, क्लासबद्दल विचार. पेटी शिकवणारे कोणी काका असतील तर "काकांनी काही केलं का" असं विचारू नकोस. असं विचारलं की मुलं एकतर घाबरून नाही म्हणतात किंवा तुला हवंय ते म्हणतात. "क्लासमध्ये तुला काय आवडत नाही ते सांग ना" एवढंच, आणि मग गप्प बस, खरंच गप्प बस, ती शांतता तुला सहन होणार नाही तरी. "काही सिक्रेट असेल तरी मला सांगितलेलं चालतं, मी रागावणार नाही" एवढं सांग. तिने पेटी बोअर होते म्हटलं तर क्लास बंद कर आणि विषय संपव. कारण न सांगता नुसतं जायचं नाही म्हटलं तरी या रविवारी पाठवू नकोस. काकांना काय वाटेल, दहा वर्षांची ओळख आहे, मंडळात काय बोलतील, हे सगळं मनात येईल, माझ्याही आलं असतं. येऊ दे, पण पाठवू नकोस. आणि आपल्याकडचं ते "काकांना पापी दे बघू", "मामांच्या मांडीवर बस" हेही आजपासून बंद, घरात आलेल्या कोणाला नमस्कार लांबून केला तरी संस्कार कमी पडत नाहीत. तिचं अंग तिचं आहे हे तिला आधी आपल्या घरात कळायला हवं.

आणि देव न करो पण तिने तसं काही सांगितलं तर तिच्यासमोर किंचाळू नकोस, रडू नकोस, "मला सांगितलंस, फार चांगलं केलंस, यात तुझी काही चूक नाही" एवढी तीन वाक्यं म्हण. पुन्हा पुन्हा प्रश्न विचारू नकोस, त्या काकांना फोन करू नकोस, नवऱ्यालाही त्यांच्या घरी जाऊ देऊ नकोस. न्यू जर्सीत मुलावर अत्याचार होतोय असं वाटण्याइतकं कारण असेल तर कळवणं हे प्रत्येकावर बंधनकारक आहे, फक्त डॉक्टर आणि शिक्षकांवर नाही, तुझ्यावर, माझ्यावर, शेजारणीवर. राज्याची हॉटलाइन २४ तास चालू असते, १-८७७-६५२-२८७३. ते लोक मुलांशी बोलायला शिकलेल्या माणसाकडे नेतात, म्हणजे पोरीला तेच तेच दहा ठिकाणी सांगावं लागत नाही. मराठीत बोलायचं असेल तर दुभाष्या माग. ओळखीत राहील, बदनामी होईल म्हणून आपल्या लोकांमध्ये जे दाबून ठेवतात ना, मला इतक्या वर्षांत आलेल्या पत्रांमध्ये सगळ्यात जास्त त्रास त्याचाच झालाय, चाळीस चाळीस वर्षांच्या बायका लिहितात की आईला सांगितलं होतं आणि आई म्हणाली गप्प बस.

घर विकण्याचं. नवऱ्याला म्हणावं, हा महिना थांब. नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट भागात अभ्यास झालाय, असा माणूस राहायला आला की अगदी जवळच्या घरांची किंमत साधारण ४ टक्क्यांनी पडते, आणि तुम्ही घाबरून घाईत विकलंत तर त्याहून जास्त पडेल. तो भाडेकरू आहे, वर्षाने निघूनही जाईल. आणि नवीन घराच्या पलीकडे कोण आहे हे तुम्हाला कोण सांगणार? हे घर घेताना सह्या केलेल्या कागदांचा गठ्ठा काढ, त्यात मेगन्स लॉचा एक परिच्छेद सापडेल, त्यात लिहिलंय की ही माहिती रिअल इस्टेट एजंटकडे नसते, काउंटी प्रॉसिक्युटरला, म्हणजे काउंटीच्या सरकारी वकिलाला, विचारा. आपण सगळे तो न वाचता सही करतो. तरीही तीन-चार महिन्यांनी तुला त्या गल्लीत श्वास घेता येत नसेल तर विका, तुझी झोप ४ टक्क्यांपेक्षा मोलाची आहे, पण ते शांत डोक्याने.

कागद फ्रिजवर लावू नकोस, मुलांना दिसेल. पोळपाटाखालीही नको. कपाटात वरच्या खणात पासपोर्टबरोबर ठेव, तुला, नवऱ्याला आणि सासूबाईंना माहीत असलेल्या जागी.

या रविवारी क्लासच्या वेळेला मुलीला घेऊन कुठे तरी लांब ड्राइव्हला जा, गाणी लाव, आणि ती काय म्हणाली ते मला लिही. पत्रावर वर "पेटी" एवढंच लिहिलंस तरी मी बाकीचं सगळं बाजूला ठेवून आधी तेच उघडेन.

– ताई